ओ-यू-जी-एच: चार अक्षरांची चौकडी वाचायची कशी?

इंग्रजी मजकुरात ओ, यू, जी आणि एच ही चार अक्षरे याच क्रमाने शेजारी आली, की मराठी माध्यमातून शिकलेला वाचक हमखास थबकतो. मी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा कोरडवाहू भागातील मशागतीवर मला इंग्रजीतून सेमिनार द्यायचा होता. ‘टफ’ आणि ‘रफ’ हे शब्द शाळेपासून कानावर होते. त्यांच्यावरून अंदाज बांधून मी नांगराला ‘प्लफ’ आणि दुष्काळाला ‘ड्रॉफ्ट’ म्हणत वीस मिनिटे बोलले. वर्गात कोणीही हसले नाही, कारण निम्म्या वर्गाचा उच्चार तोच होता, आणि हे कळल्यावर मला चुकीपेक्षा त्याचेच जास्त वाईट वाटले. त्यानंतर मी हे शब्द गोळा करून, गट पाडून शिकले. तोच क्रम येथे देत आहे.

या चार अक्षरांना यापुढे मी नुसते ‘चौकडी’ म्हणेन. शब्द देवनागरीत सांगेन आणि चौकडीच्या मागेपुढे कोणती अक्षरे येतात तेवढे नोंदवेन. रोमन लिपीतील पूर्ण शब्द तुम्ही स्वतः वहीत लिहायचा आहे. हा थोडा त्रास मुद्दाम ठेवला आहे, कारण नुसते वाचलेले स्पेलिंग दोन दिवस टिकते आणि हाताने लिहिलेले बराच काळ टिकते.

जवळ काय हवे

- दुरेघी किंवा एकरेघी वही, आणि प्रत्येक पानावर तीन रकाने: स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ.
- उच्चार ऐकवणारा शब्दकोश. मोबाइलवरचा मोफत कोशही चालेल, मात्र त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार वेगवेगळे ऐकण्याची सोय असावी.
- बोललेले टंकून देणारी मोबाइलची सोय, म्हणजे व्हॉइस टायपिंग. तिचे काम शेवटी येईल.
- दोन रंगांची पेने. अपवाद नेहमी दुसऱ्या रंगाने लिहा.

१. आधी नियम शोधणे थांबवा

देवनागरीत ‘क’ लिहिला की ‘क’च वाचायचा, ही सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की चौकडीचाही एक ठरलेला उच्चार असलाच पाहिजे असे आपण धरून चालतो. तो नाही. ‘अफ’, ‘ऑफ’, ‘आउ’, ‘ओ’, ‘ऊ’, ‘ऑ’ आणि अखेरचा अस्पष्ट ‘अ’ एवढे उच्चार तर नेहमीच्या वापरातल्या शब्दांतच सापडतात.

हे असे का झाले, ते एकदा समजून घेतले तर चिडचिड कमी होते. प्राचीन इंग्रजीत या शब्दांमध्ये घशातून घासत येणारा एक ध्वनी होता, साधारण उर्दूतल्या नुक्तावाल्या ‘ख़’सारखा. त्या काळी तो नुसत्या एच या अक्षराने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्याच ध्वनीसाठी जी-एच ही जोडी रूढ केली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला आणि छपाईबरोबर स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली. बोलणे मात्र बदलतच राहिले. घशातला तो ध्वनी काही शब्दांतून पार नाहीसा झाला, काही शब्दांत त्याचा ‘फ’ झाला, आणि त्याच्या आधीचे स्वरही प्रत्येक शब्दात आपापल्या वाटेने गेले. कागदावर उरली आहे ती जुन्या उच्चाराची खूण.

ही खूण आपल्याला अगदीच परकी नाही. झाडाच्या मोठ्या फांदीला इंग्रजीत ‘बाउ’ म्हणतात. स्पेलिंग बी आणि पुढे चौकडी. या शब्दाचा जुना अर्थ खांदा किंवा बाहू असा होता, आणि त्याचे मूळ व संस्कृत ‘बाहु’चे मूळ एकच आहे. मळलेल्या कणकेसाठीचा शब्द ‘डो’, म्हणजे डी आणि चौकडी. त्याचे नाते ‘देह’ या शब्दाशी आहे, कारण मूळ धातूचा अर्थ मळणे, लिंपून आकार देणे असा होता. ‘बाहु’ आणि ‘देह’ यांत जेथे ‘ह’ आहे, नेमका तेथेच इंग्रजी शब्दात जी-एच बसलेला दिसतो. मुलीसाठीचा ‘डॉटर’ आणि संस्कृत ‘दुहितृ’ ही जोडीही तशीच. मला हे कळले, तेव्हापासून त्या मुक्या जी-एचचा राग येणे थांबले.

२. सुरुवात चौकडीनंतर टी येणाऱ्या शब्दांनी करा

या एकाच गटात जवळजवळ पक्का नियम मिळतो, म्हणून पाया येथे घालावा. चौकडीच्या पुढे टी येऊन शब्द संपला, तर उच्चार ‘ऑट’ असा, ‘ऑ’ किंचित लांबवून करायचा. यातील पाच शब्द भूतकाळी क्रियापदे आहेत आणि रोज लागतात:

- बी + चौकडी + टी: ‘बॉट’. ‘बाय’चा भूतकाळ; विकत घेतले.
- बी-आर + चौकडी + टी: ‘ब्रॉट’. ‘ब्रिंग’चा भूतकाळ, आणले.
- एफ + चौकडी + टी: ‘फॉट’. ‘फाइट’चा भूतकाळ, लढला, भांडला.
- एस + चौकडी + टी: ‘सॉट’. ‘सीक’चा भूतकाळ, शोधले, मागितले. बातम्यांत आणि कार्यालयीन पत्रांत ‘परवानगी मागितली’ अशा अर्थाने हा शब्द वारंवार येतो.
- टी-एच + चौकडी + टी: ‘थॉट’. ‘थिंक’चा भूतकाळ, शिवाय ‘विचार’ हे नामही.

पहिल्या दोन शब्दांत सर्वांत जास्त घोळ होतो. ‘ब्रिंग’मध्ये आर आहे, म्हणून त्याच्या भूतकाळातही आर, ‘बाय’मध्ये आर नाही, म्हणून तेथे नाही. ‘मी पुस्तक आणले’ असे लिहायचे असताना एक आर गळला, तर तुम्ही ते विकत घेतले असा अर्थ होतो, आणि हिशेबाच्या पत्रात हा फरक महागात पडू शकतो. ‘बॉट’चा ‘बोट’ही होऊ देऊ नका, इंग्रजीत ती होडी होते.

क्रियापदांखेरीज आणखी तीन शब्द या गटात आहेत. चौकडीपुढे नुसता टी आला की ‘ऑट’: करायला हवे, करणे योग्य, असा त्याचा अर्थ आणि त्याच्यामागोमाग ‘टू’ आलाच पाहिजे. एन लावून होणारा ‘नॉट’ म्हणजे शून्य. फुली-गोळ्याच्या खेळाच्या ब्रिटिश नावात गोळ्यासाठी हाच शब्द आहे. डब्ल्यू-आर लावून होणारा ‘रॉट’ हे ‘वर्क’चे जुने भूतकाळी रूप, म्हणजे घडवलेला. नक्षीदार फाटकांच्या जाहिरातीत जे ‘रॉट आयर्न’ वाचतो ते ठोकून घडवलेले लोखंड होय; गंजण्या-सडण्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्यातील डब्ल्यू मुका आहे.

आता दुसऱ्या रंगाचे पेन घ्या. डी-आर + चौकडी + टी याचा उच्चार ‘ड्राउट’ होतो, अर्थ अवर्षण किंवा दुष्काळ. या गटातील रोजच्या वापरातला एवढाच अपवाद. कोरडा या अर्थाच्या ‘ड्राय’चा हा भाऊबंद आहे, ‘ड्राय’मधला ‘आ’ आठवला की ‘ड्राउट’ तोंडात बसतो. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा शब्द भूगोलात, अर्थशास्त्रात आणि १९७२ च्या दुष्काळाबद्दलच्या प्रत्येक इंग्रजी लेखात भेटणार आहे, तेव्हा तो आधी पक्का करावा. ‘ड्राफ्ट’ उच्चाराचा वेगळा शब्द आहे, तो पुढच्या पायरीत येईल.

३. ओच्या जागी ए असलेली जुळी बहीण ओळखा

ए-यू-जी-एच-टी याचाही उच्चार ‘ऑट’च होतो, त्यामुळे ऐकून लिहिताना ओ लिहावा की ए, हा प्रश्न पडतो. भूतकाळी क्रियापदांपुरते त्याला सोपे उत्तर आहे. मूळ क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये ए असेल तर भूतकाळातही ए लिहा. ‘कॅच’ आणि ‘टीच’ या दोन्हींत ए आहे, म्हणून ‘कॉट’ आणि ‘टॉट’ ए घेऊन लिहितात. बाय, ब्रिंग, फाइट, सीक, थिंक यांपैकी एकातही ए नाही. ते सगळे ओ घेतात. हा ताळा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाला नव्हता. वहीत दोन याद्या शेजारीशेजारी लिहिल्यावर तो आपोआप दिसला.

या बहिणीच्या घरात ‘डॉटर’ म्हणजे मुलगी, ‘नॉटी’ म्हणजे खट्याळ, ‘स्लॉटर’ म्हणजे कत्तल हे शब्द राहतात. अपवाद दोन: हसणे या अर्थाचा ‘लाफ’ व त्यावरून ‘लाफ्टर’, आणि वाऱ्याचा झोत किंवा घोट या अर्थाचा ‘ड्राफ्ट’. डी-आर नंतर ओ असला तर दुष्काळ, ए असला तर वाऱ्याची झुळूक. माझ्या सेमिनारमध्ये मी या दोघांचा खिमा केला होता.

४. टी नसलेल्या शब्दांचे ढीग उच्चारावरून घाला

येथे नियम नाही, पण शब्दही फार नाहीत. वर्णानुक्रमे पाठ करू नका. तसे केले की ‘कॉफ’च्या शेजारी ‘डो’ येऊन बसतो आणि दोन्ही बिघडतात. एका दिवशी एकच ढीग घ्या.

‘अफ’चा ढीग: ‘टफ’, ‘रफ’, ‘इनफ’. पहिले दोन मराठीत केव्हाच स्थायिक झाले आहेत. पेपर टफ जातो आणि रफ वहीत गणिते सोडवली जातात. इंग्रजीत मात्र त्यांचे अर्थ अधिक पसरलेले आहेत. ‘टफ’ म्हणजे कठीण, तसेच चिवट, न तुटणारा. ‘रफ’ म्हणजे खडबडीत, ढोबळ, आणि समुद्राबद्दल असेल तर खवळलेला. ‘इनफ’ म्हणजे पुरेसा. हा शब्द विशेषणाच्या नंतर येतो. मराठीत आपण ‘पुरेसा मोठा’ म्हणतो, इंग्रजीत ‘मोठा’ आधी आणि ‘इनफ’ मागून.

‘ऑफ’चा ढीग दोन शब्दांचा आहे. सी + चौकडी म्हणजे ‘कॉफ’, खोकला. येथे मराठी माणसासाठी खास सापळा आहे. औषधाच्या दुकानात आपण ‘कफ सिरप’ मागतो आणि आपल्या भाषेत घशातल्या बेडक्याला ‘कफ’ हा शब्द आधीपासूनच असल्यामुळे दोन्ही एकच वाटतात. ते दोन अगदी वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत ‘कफ’ असा उच्चार केला तर सदऱ्याच्या बाहीची पट्टी समजली जाईल. परदेशात डॉक्टरांकडे जाताना हे लक्षात ठेवा. दुसरा शब्द टी-आर + चौकडी, ‘ट्रॉफ’: जनावरांना चारा-पाणी देण्याची लांबट गव्हाण किंवा डोणी. त्या आकारावरूनच लाटेचा खोलगट भाग आणि हवामानातला कमी दाबाचा पट्टा यांनाही तेच नाव मिळाले आहे; पावसाळ्यातील इंग्रजी हवामानवृत्तात ‘मॉन्सून ट्रॉफ’ सतत येतो.

‘आउ’चा ढीग: फांदीचा ‘बाउ’ वर आलाच, पी-एल + चौकडी म्हणजे ‘प्लाउ’, नांगर किंवा नांगरणे. ‘काउ’शी यमक जुळवा, म्हणजे बैल आणि नांगर एकत्र राहतील.

‘ओ’च्या ढिगात कणकेचा ‘डो’ आणि त्यावरून आलेला ‘डोनट’, तसेच एफ-यू-आर-एल + चौकडी, ‘फर्लो’. मराठी वृत्तपत्रांत कैद्यांच्या संचित रजेच्या बातमीत हा शब्द दिसतो. ब्रिटनमध्ये २०२० साली करोनाकाळात काम बंद असूनही नोकरीवर ठेवलेल्या कामगारांच्या संदर्भात तो घरोघरी पोचला. ‘दो’ आणि ‘ऑल्दो’ही याच ढिगातले, पण त्यांना स्वतंत्र पायरी दिली आहे.

उचकीसाठीचा ‘हिकप’ कधीकधी शेवटी ‘कॉफ’चे स्पेलिंग जोडून लिहिलेला आढळतो. उचकी हा खोकल्याचाच प्रकार असावा अशा समजुतीतून ते स्पेलिंग आले. उच्चार ‘हिकप’च राहतो. तुम्ही लिहिताना यू-पी लिहा आणि पुढे चला.

५. टी-एचच्या कुटुंबाला पूर्ण आठवडा द्या

सर्वाधिक चुका येथे होतात, कारण पाच शब्द दिसायला जवळजवळ सारखे, वापरायला रोजचे आणि अर्थाने पूर्ण वेगळे आहेत. एका पानावर एकाखाली एक लिहून फरकाचे अक्षर रंगवा.

- टी-एच + चौकडी: ‘दो’. तरीही, जरी. सुरुवातीचा ध्वनी ‘थ’ नाही, तो मऊ ‘द’सारखा आहे.
- ए-एल-टी-एच + चौकडी: ‘ऑल्दो’. जरी. येथे एल एकच. ‘ऑल’ या शब्दात दोन असतात म्हणून येथेही दोन लिहिले जातात, ते टाळा.
- टी-एच + चौकडी + टी: ‘थॉट’. विचार.
- टी-एच-आर + चौकडी: ‘थ्रू’. मधून, आरपार, मार्फत. चौकडीचा ‘ऊ’ असा उच्चार फक्त यात आणि यापासून बनलेल्या ‘थ्रूआउट’, ‘ब्रेकथ्रू’ यांसारख्या शब्दांत मिळतो.
- टी-एच-ओ-आर + चौकडी: ‘थरो’. सखोल, बारकाईने केलेला. ब्रिटिश उच्चारात शेवटी अस्पष्ट ‘अ’ येतो, अमेरिकेत ‘ओ’. आपल्याकडे ‘थरो’ चालते.

शेवटचे दोन मुळात एकच शब्द होते. आरपार जाणारा तो ‘थ्रू’, आणि एखादे काम या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार केले की ते ‘थरो’. संस्कृत ‘तिरस्’, म्हणजे पलीकडे, आडून, हाही त्याच मुळाचा. ‘तिरोहित’मध्ये तो आपल्याला भेटतो. जुन्या अर्थाची आठवण ‘थरोफेअर’ या शब्दात शिल्लक आहे: तो आरपार जाणारा रस्ता. ब्रिटनमध्ये ‘नो थरोफेअर’ अशी पाटी दिसली तर पुढे वाट नाही असे समजून वळावे.

उच्चार सुधारल्यानंतरही एक चूक बरेच दिवस चिकटून राहते आणि ती मराठीतून येते. आपल्या वाक्यात ‘जरी’ आला की ‘तरी’ यावाच लागतो. ‘जरी पाऊस पडला तरी तळे भरले नाही’ हे वाक्य इंग्रजीत नेताना आपण आरंभी ‘ऑल्दो’ आणि मध्ये ‘बट’ घालतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच चालतो. ‘ऑल्दो’ लिहिला असेल तर मध्ये नुसता स्वल्पविराम द्या. अर्ज किंवा निबंध लिहून झाला की प्रत्येक ‘ऑल्दो’वर बोट ठेवून त्याच वाक्यात ‘बट’ शोधा. मी आजही हे करते.

६. ब्रिटिश की अमेरिकन, हे एकदाच ठरवा

अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ साली आपला मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला आणि सुटसुटीत स्पेलिंगांचा आग्रह धरला. तेथे नांगराच्या शब्दातील चौकडी जाऊन ओ-डब्ल्यू आले, आणि वाऱ्याच्या झोताचा ‘ड्राफ्ट’ जसा ऐकू येतो तसाच लिहिला जाऊ लागला. ‘थ्रू’ आणि ‘दो’ यांनाही छाटण्याचा प्रयत्न झाला. ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकाने १९३४ पासून अशी आखूड स्पेलिंगे वापरली, परंतु ती जनमानसात रुजली नाहीत आणि १९७५ मध्ये त्या दैनिकाने ती सोडून दिली. म्हणून संदेशांत टी-एच-आर-यू असे आखूड रूप दिसले तरी अर्जात, परीक्षेत आणि कार्यालयीन पत्रात ते लिहू नये. आपल्याकडील परीक्षांसाठी ब्रिटिश स्पेलिंग ठेवा. परदेशी विद्यापीठाला लिहीत असाल तर त्या देशाचे घ्या, पण एकाच पत्रात दोन्हींची भेसळ करू नका.

७. फोनला परीक्षक करा

फोनमधील व्हॉइस टायपिंगची भाषा इंग्रजी करा आणि सुटा शब्द न बोलता लहान वाक्य बोला. सुटा ‘थ्रू’ बोलल्यास फोन ‘फेकले’ या अर्थाचा सारख्याच उच्चाराचा शब्द टंकतो, आणि त्यात तुमची चूक नसते. ‘आम्ही बोगद्यातून गेलो’ अशा अर्थाचे वाक्य बोलल्यावर योग्य स्पेलिंग उमटले तर उच्चार ठीक आहे. मात्र हा परीक्षक अंदाज बांधण्यात हुशार असतो आणि अर्धवट उच्चारही सावरून घेतो, म्हणून ‘दो’ आणि ‘थॉट’ यांतील पहिला ध्वनी कोशातल्या उच्चाराशी कानानेच ताडून पाहा. रोज पाच वाक्ये पुरतात. माझ्या ‘ड्राउट’ला फोनने मान्यता द्यायला चार दिवस लागले होते.

८. गावांची नावे सर्वांत शेवटी

जुन्या मुंबई इलाख्यात १९२५ च्या कायद्याने ‘बरो म्युनिसिपालिटी’ होत्या. त्यांतला ‘बरो’ म्हणजे बी-ओ-आर + चौकडी, स्वतंत्र कारभाराचे शहर किंवा शहराचा विभाग. लंडनमध्ये असे ३२ आणि न्यू यॉर्कमध्ये ५ विभाग आहेत, आणि घराचा पत्ता देताना हा शब्द लागतो. ब्रिटनमध्ये त्याचा शेवट अस्पष्ट ‘अ’ने होतो.

गावांच्या नावांना वरचे कोणतेही ढीग लागू करण्याच्या भरीस पडू नका. हीथ्रो विमानतळाजवळच्या, एस-एल + चौकडी असे नाव असलेल्या गावाला ‘स्लाउ’ म्हणतात, पण तेच स्पेलिंग सापाने कात टाकण्याच्या अर्थी आले की ‘स्लफ’ होते. उत्तर आयर्लंडमधील मोठ्या सरोवराच्या नावात एल + चौकडी याचा उच्चार ‘लॉख’ असा, घशातल्या त्या जुन्या ध्वनीसह अजून ऐकू येतो. आणि लेस्टरशायरमध्ये विद्यापीठासाठी प्रसिद्ध असलेले एक गाव आहे, ज्याच्या नावात चौकडी दोनदा येते: एल + चौकडी, पुढे बी-ओ-आर + चौकडी. पहिलीचा उच्चार ‘अफ’, दुसरीचा अस्पष्ट ‘अ’, मिळून ‘लफबरअ’. तेथे प्रवेश मिळाला असेल तर नाव आधी नकाशाच्या अ‍ॅपकडून दोन-तीनदा वदवून घ्या आणि पहिल्या प्रवासात तिकिटाच्या खिडकीवर ते कागदावर लिहून न्या.